मृत्युपत्र आणि प्रोबेट : माणूस गेल्यानंतरचे कागद

एखाद्या सभासदाचे निधन झाले की मंडळाच्या वतीने शोकसभा होते, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, कुटुंबाला मदतनिधी दिला जातो. हे सर्व आपण मनापासून करतो. परंतु दोन-तीन महिन्यांनी त्याच घरातील कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन कार्यालयात येते आणि विचारते, "हे आता कोणाच्या नावावर करायचे? कोर्टात जावे लागेल का?" त्या वेळी मात्र आपल्यापैकी पुष्कळांजवळ उत्तर नसते. म्हणून या विषयावर स्मरणिकेत एक लेख असावा असे कार्यकारिणीत ठरले. आपल्यातील काही विद्यार्थी कायद्याचा अभ्यास करतात, त्यांच्यासाठी कलमांचे क्रमांक मुद्दाम दिले आहेत. इतरांनी ते ओलांडून वाचले तरी चालेल.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. कुटुंब आपल्यातलेच आहे, म्हणून नावे देत नाही.

मंडळाचे एक जुने सभासद २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कालकथित झाले. मुंबईच्या उपनगरात एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीत त्यांचा स्वकष्टार्जित फ्लॅट होता. मागे पत्नी, दोन मुली आणि गावी राहणारी वयोवृद्ध आई. १९८८ साली फ्लॅट घेतला तेव्हा मुली लहान होत्या आणि पत्नी अंगठा करीत असत, म्हणून त्यांनी नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव दिले होते. पुढे वहिनी सही करायला शिकल्या, मुली पदवीधर झाल्या, पण सोसायटीच्या दप्तरातील नाव तसेच राहिले. आजारी पडण्याच्या महिनाभर आधी त्यांनी वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात मृत्युपत्र लिहिले होते. फ्लॅट संपूर्णपणे पत्नीला द्यावा, एवढाच मजकूर. खाली तारीख, सही आणि साक्षीदार म्हणून शेजाऱ्यांची सही. दुसऱ्या साक्षीदारासाठी रेघ आखून ठेवलेली होती. रविवारी मित्र आला की त्याची सही घेऊ, असे ते म्हणाले होते. त्या रविवारी ते रुग्णालयात होते.

सोसायटीत सांगण्यात आले की नॉमिनी भाऊ आहेत, तेव्हा फ्लॅट भावाचा होणार. वकिलांनी सांगितले की हे मृत्युपत्र कायद्याने मृत्युपत्रच नव्हे. वहिनी दोन्ही ऐकून हादरून गेल्या. यातील पहिले म्हणणे चुकीचे होते आणि दुसरे बरोबर होते.

पहिल्याविषयी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. संस्थेने पैसे किंवा कागद कोणाच्या हाती द्यावेत एवढ्यापुरतेच ते नाव असते. ज्याच्या हाती पडले त्याने ते खऱ्या वारसांपर्यंत पोहोचवायचे असतात. आयुर्विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ सालीच सांगितले, आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितले. गृहनिर्माण सोसायट्यांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली दुरुस्ती होऊन १५४ब-१३ हे कलम आले. त्यानुसार मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा कुटुंबातील समझोत्याचा दस्त यांच्या आधारे खऱ्या हक्कदाराला सभासद करून घ्यायचे असते आणि तोपर्यंत नॉमिनी हा केवळ तात्पुरता सभासद असतो. विम्यात मात्र एक अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती, पत्नी किंवा मुले यांना नॉमिनी केले असेल तर ती रक्कम त्यांचीच होते. बँकेच्या ठेवीला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात. त्यामुळे बँकेचे काम सोपे झाले. मालकीचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे. असे असले तरी जुने नॉमिनेशन बदलून घ्यायला विसरू नये. ते केले असते तर वहिनींचा निदान सोसायटीतील मनस्ताप वाचला असता.

आता दुसरे म्हणणे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या ६३ व्या कलमात मृत्युपत्र कसे करावे ते दिले आहे. करणाऱ्याने सही करावी किंवा अंगठा उमटवावा. किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदाराने त्याला सही करताना पाहिलेले असावे, अथवा "ही सही माझी आहे" असे त्याने साक्षीदाराला स्वतः सांगितलेले असावे, आणि साक्षीदाराने त्याच्यासमोर आपली सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. म्हणजे आपल्या त्या सभासदांनी शेजाऱ्यांची सही एका दिवशी आणि मित्राची आठवड्याने घेतली असती तरी चालले असते. पण एकाच साक्षीदारावर भागत नाही.

या कलमात जे सांगितलेले नाही तेही लक्षात घेण्यासारखे आहे, कारण लोक नेमके त्यातच अडकतात. स्टॅम्प पेपर लागत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नाही. इंग्रजीत असण्याची गरज नाही, मराठीत स्वतःच्या अक्षरात लिहिलेले उत्तम. नोंदणी सक्तीची नाही. करायची असल्यास दुय्यम निबंधकाकडे केव्हाही करता येते आणि ती केलेली बरी, कारण कागद हरवला तरी नोंद राहते. परंतु नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र आपोआप खरे ठरले, असेही नाही. वाद झाला तर दोघांपैकी निदान एका साक्षीदाराला, तो हयात व मिळण्यासारखा असेल तर, न्यायालयात येऊन सांगावे लागते. पूर्वी ही तरतूद पुराव्याच्या कायद्याच्या ६८ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६७ व्या कलमात आहे. म्हणून साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान, सापडण्यासारखे आणि ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही असे निवडावेत. आजारी माणसाचे मृत्युपत्र असेल तर त्याचे उपचार करणारे डॉक्टर साक्षीदार असणे फार उपयोगाचे ठरते. ज्याला सर्व काही मिळणार त्यानेच पुढाकार घेऊन मृत्युपत्र लिहवून घेतले असेल तर न्यायालय संशयाने पाहते आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर टाकते. १९५९ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालापासून हा नियम पक्का झालेला आहे.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारी व्यक्ती, नावानिशी नेमावी. ती पत्नी असू शकते, मुलगी असू शकते, विश्वासू मित्रही असू शकतो. एक्झिक्युटरने साक्षीदार म्हणून सही केली तरी केवळ तेवढ्याने बाध येत नाही. प्रोबेट मात्र फक्त एक्झिक्युटरलाच मिळतो (कलम २२२). तो नेमलेला नसेल तर वारसांना न्यायालयाकडून लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचे अधिकारपत्र, मृत्युपत्र जोडून घ्यावे लागते.

आता प्रोबेट म्हणजे काय ते पाहू. न्यायालयाने आपल्या मोहोरेखाली दिलेली मृत्युपत्राची प्रमाणित प्रत आणि तिच्यासोबत एक्झिक्युटरला मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार, म्हणजे प्रोबेट. मृत्यूनंतर सात दिवस होईपर्यंत तो दिला जात नाही. मुंबईत अर्ज उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी विभागात करतात, इतरत्र सामान्यतः जिल्हा न्यायालयात. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मिळकत व देणी यांची यादी आणि साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र जोडतात. मृत्युपत्र मराठीत असेल आणि न्यायालयाचे काम इंग्रजीत चालत असेल तर भाषांतरही लागते. त्यानंतर जवळच्या सर्व वारसांना सूचना जाते. मृत्युपत्रात ज्यांना काहीच दिलेले नाही त्यांनाही ती जाते. सूचना आली म्हणजे आपल्यावर कोणी दावा लावला असे समजून घाबरू नये. हरकत नसेल तर तसे संमतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे, म्हणजे काम लवकर होते. हरकत असेल तर कॅव्हेट दाखल करता येते. मग अर्जाचे दाव्यात रूपांतर होते, साक्षीपुरावे होतात आणि वर्षे जातात. प्रोबेट मिळाल्यावर एक्झिक्युटरने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. हे शेवटचे काम पुष्कळ जण विसरतात.

प्रोबेट न्यायालय एवढेच पाहते की मृत्युपत्र खरे आहे का आणि शुद्धीवर असताना, कायद्याप्रमाणे केलेले आहे का. ते घर मयताच्या मालकीचे होते की नव्हते हे तिथे ठरत नाही. तो प्रश्न निघाला तर वेगळा दिवाणी दावा करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५४ सालीच स्पष्ट केले आहे. आपल्याकडे मात्र प्रोबेट मिळाला की मालकी मिळाली, असा समज आहे.

प्रोबेट घेणे बंधनकारक आहे का, हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. याचे उत्तर अलीकडे बदलले आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. १९२५ च्या अधिनियमाच्या ५७ व्या कलमात हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची नावे स्पष्ट घातलेली आहेत. त्या कलमाच्या जोडीने २१३ वे कलम वाचले की असा अर्थ निघत असे : मुंबई, मद्रास व कलकत्ता या जुन्या इलाख्यांच्या ठरावीक हद्दीत केलेले, किंवा त्या हद्दीतील स्थावर मिळकतीसंबंधीचे मृत्युपत्र असेल, तर प्रोबेटशिवाय त्याच्या आधारे न्यायालयात हक्क सिद्ध करता येत नाही. याचे मूळ १८७० सालच्या कायद्यात होते. त्यामुळे दादरच्या बौद्ध कुटुंबाला प्रोबेट लागत असे आणि साताऱ्याच्या बौद्ध कुटुंबाला, मुंबईत मिळकत नसेल तर, लागत नसे. मुसलमानांना हा नियम कधीच नव्हता, भारतीय ख्रिश्चनांना २००२ साली त्यातून वगळले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुने कायदे रद्द व दुरुस्त करणारा अधिनियम करून २१३ वे कलमच काढून टाकले. त्यामुळे मुंबईतही प्रोबेटची सक्ती आता राहिलेली नाही. कोणी जुन्या सवयीने मागितला तर हा बदल दाखवून द्यावा.

सक्ती गेली, प्रोबेटची सोय गेलेली नाही. वारसांमध्ये कुरबुर असेल, साक्षीदार वृद्ध झाले असतील किंवा मिळकत मोठी असेल, तर प्रोबेट घेतलेला बरा असे आमचे मत आहे, कारण एकदा तो मिळाला की मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल तो निर्णायक पुरावा ठरतो. आणि दोन साक्षीदारांचा नियम तसूभरही बदललेला नाही, हेही सांगायला हवे. सक्ती उठली हे ऐकून काही जणांनी "आता नुसते लिहून ठेवले तरी चालते" असा अर्थ काढला आहे. तो अगदी चुकीचा आहे.

मृत्युपत्र नसेल किंवा अपुरे असेल तर वारसा कायद्याने ठरतो. यावर आपल्या बैठकांत एक प्रश्न हमखास येतो : आपण बौद्ध, मग आपल्याला हिंदू उत्तराधिकार अधिनियम कसा? उत्तर त्या अधिनियमाच्या दुसऱ्याच कलमात आहे. बौद्ध, जैन व शीख यांना तो नाव घेऊन लागू केलेला आहे. अधिनियम १७ जून १९५६ चा, धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे दीक्षेने आपला वारसा कायदा बदलला नाही. कोर्टाच्या अर्जात धर्माच्या रकान्यात निःसंकोच "बौद्ध" लिहावे, त्याने वारसाहक्कात फरक पडत नाही. स्त्रियांच्या वारसाहक्कासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाचा आग्रह धरला आणि ते रखडल्यावर १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे आपण जाणतोच. १९५६ च्या या अधिनियमात त्यातील काही भाग आला. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासूनच आहे. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीबद्दल होती. "मुलीचे लग्न लावून दिले, तिचे देणे फिटले" असे आपल्याही घरांतून ऐकू येते. कायद्यात तसे कोठेही नाही.

या कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असतात आणि प्रत्येकाला सारखा वाटा मिळतो. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलेही यात येतात. वडील यात नाहीत, भाऊही नाही. आता वहिनींच्या फ्लॅटचा हिशेब करू. भाऊ नॉमिनी असला तरी त्याला थेट काही नाही. पत्नी, दोन मुली व आई मिळून चौघी, म्हणजे रुपयात प्रत्येकी चार आणे. इथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. पण पुढच्याच वर्षी आई गेली. तिचेही मृत्युपत्र नव्हते. तिचे चार आणे तिच्या दोन मुलांच्या शाखांत वाटले गेले : दोन आणे हयात भावाला आणि दोन आणे गेलेल्या मुलाच्या दोन्ही मुलींना मिळून. अशा रीतीने ज्याला थेट वारसा नव्हता तो दीर आईच्या मार्गाने फ्लॅटमध्ये दोन आण्यांचा भागीदार झाला. दीर वाईट माणूस नव्हता, परंतु त्याच्याही घरी लग्नाची मुलगी होती. धाकट्या मुलीने आपल्या पगारावर कर्ज काढून काकांना दोन आण्यांची रक्कम दिली, त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लिहून दिले, तेव्हा कागद मोकळा झाला. दुसऱ्या साक्षीदाराची सही असती तर सोळा आणे वहिनींचे होते.

स्त्रियांच्या मृत्युपत्राबद्दल तर आपल्याकडे कोणी बोलतच नाही. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिने स्वतः कमावलेली मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नाही (कलम १५). २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक बाई होती. लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत पती साप चावून वारला, सासरने तिला घालवून दिले, माहेरने शिकवले, ती नोकरी करून स्वतःच्या पायावर उभी राहिली. ती गेल्यावर तिची बँकेतील रक्कम व भविष्यनिर्वाह निधी पतीच्या बहिणीच्या मुलांना मिळाला. न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली, पण कायदा तसाच असल्याचे सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्त्रियांनी मृत्युपत्र करून ठेवावे असे जाहीर आवाहन केले. आपल्या महिला शाखेने एखाद्या पौर्णिमेच्या कार्यक्रमात हा विषय घ्यावा, अशी आमची सूचना आहे.

चाळीतील खोल्या आणि गावाकडची जमीन यांविषयी थोडक्यात. चाळीतील भाड्याची खोली ही मालकीची नसते, त्यामुळे भाडेहक्क मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितले. तिथे भाडेकरूच्या मृत्यूवेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांचा विचार होतो. म्हणून रेशनकार्ड, मतदार यादी वगैरे नोंदी जागच्या जागी असाव्यात. गावच्या जमिनीसाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज करावा, म्हणजे फेरफार होऊन सातबाऱ्यावर नावे येतात. हा फेरफार महसूल वसुलीसाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. पण तो न केल्यामुळे आपल्या किती तरी घरांत आजही पणजोबांच्या नावाचा सातबारा आहे आणि वारस शंभराच्या घरात गेले आहेत. १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाल्यावर परत मिळालेल्या जमिनींवर नव्या शर्ती असतात, तेव्हा त्यांच्याविषयी मृत्युपत्रात लिहिण्यापूर्वी तहसील कार्यालयात चौकशी करावी. मृत्युपत्र नसताना बँकेतील पैसे व शेअर्स यांसाठी न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट घेतात. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखलाही मिळतो, आणि सरकारी कचेऱ्यांत तो पुष्कळदा मागतात. या सर्वांच्या आधी मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून दाखल्याच्या जास्त प्रती काढून ठेवाव्यात.

मूळ मृत्युपत्र कोठे आहे हे घरातील दोघांना तरी माहीत असावे. ते बँकेच्या लॉकरमध्ये, आणि लॉकर फक्त मयताच्या नावावर, असाही अनुभव आम्ही घेतला आहे. कायद्याने बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ते ठेव म्हणून देता येते.

वहिनींनी मागच्या वर्षी स्वतःचे मृत्युपत्र केले. एक पानाचे आहे, मराठीत, त्यांच्या स्वतःच्या सहीचे. साक्षीदार त्यांचे डॉक्टर आणि तळमजल्यावर राहणाऱ्या एक शिक्षिका. एक्झिक्युटर थोरली मुलगी. दोन्ही सह्या एकाच बैठकीत झाल्या आणि पाकीट कोणत्या कपाटात आहे ते दोन्ही मुलींना सांगून ठेवले आहे.